रस्ट या ऑनलाइन गेममध्ये पहिला बेस (स्वतः बांधलेलं घर) टिकवायचा असेल तर

अरे, सकाळी उठून बेस अर्धा गायब दिसला म्हणून लगेच रेड झाली, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंनी फोडून लुटलं, असं धरू नकोस. आधी टूल कपबोर्ड, म्हणजे बेस सांभाळणारं कपाट, उघडून बघ. त्यात अपकीपचं (देखभालीचं) सामान संपलं की बांधकाम आपोआप झिजायला लागतं. लाकूड साधारण 3 तासांत जातं, दगड 5 तासांत. झोपायला जाण्यापूर्वी कपबोर्डमध्ये किती वेळाचं संरक्षण दाखवतंय ते वाचायची सवय लाव. मी पहिल्या महिन्यात असाच एक बेस घालवला होता आणि शेजाऱ्यांना उगाच शिव्या घातल्या!

दगडी भिंतीला मऊ आणि कडक अशा दोन बाजू असतात. मऊ बाजू चुकून बाहेर राहिली तर कोणीही साध्या कुदळीनं तासाभरात आत येतो, बारूद लागतच नाही. कडक बाजूला मात्र 4 रॉकेट किंवा 2 सी-4 स्फोटकं खर्चावी लागतात. बांधून झालं की बाहेरून एक चक्कर मारून बघ, उलटी भिंत लगेच हातोड्यानं फिरव. थोड्या वेळानं ती फिरवता येत नाही.

दारापाशी एअरलॉक हवाच, म्हणजे एकामागे एक दोन दारं. आतलं उघडण्याआधी बाहेरचं लाव. नाहीतर दारात मारला गेलास की चोर सरळ आत. दारांना कोड लॉक लाव, आणि 1234 ठेवू नकोस बाबा. कपबोर्डलाही कुलूप हवं.

सगळी लूट एकाच खोलीत तर अजिबात नको.