वाचकांचे प्रश्न: क्लबची सभा, शिबिरं आणि पावत्या

आमच्या रोटरी क्लबची साप्ताहिक सभा साडेसातची असते. सुरू होते आठला आणि साडेनऊ झाले तरी आभार चालूच. चाळीस सदस्यांपैकी चौदा-पंधरा येतात. यंदा सचिवपद माझ्याकडे आलं आहे. — कराडचे एक वाचक

वक्ता लांबवतो, असं सगळे म्हणतात. एकदा घड्याळ लावून बघा, वक्ता उभा राहण्याआधीच चाळीस मिनिटं गेलेली असतात. पुष्पगुच्छ, वाढदिवस, पाहुण्यांचा भलामोठा परिचय आणि वर मागच्या सभेचं इतिवृत्त शब्दन् शब्द वाचून दाखवणं. तासाची सभा अशी बसते: घंटा व राष्ट्रगीत 3 मिनिटं, वाढदिवस-पाहुणे 5, सचिवांची निवेदनं 5, चालू कामांचा आढावा 15, वक्ता 20, प्रश्न 7, आभार आणि घंटा 5. इतिवृत्त आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर टाका, सभेत फक्त दुरुस्त्या विचारा. वक्त्याचा परिचय त्यांच्याकडूनच चार ओळींत लिहून मागवा. वेळ राखायचं काम सार्जंट-अॅट-आर्म्सचं, म्हणजे सभेची शिस्त सांभाळणाऱ्या पदाधिकाऱ्याचं. त्यांनी भाषणाच्या पंधराव्या मिनिटाला वक्त्यासमोर चिठ्ठी ठेवावी. हे पद शोभेचं समजू नये.

खर्चाचे वाद सभेत आणू नका, ते संचालक मंडळात मिटवा. आढाव्यात प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख लिहा. ‘सगळे मिळून करू’ असं इतिवृत्तात आलं की ते काम कुणाचंच उरत नाही.

हजेरीचं म्हणाल तर दर आठवड्याला भेटण्याची सक्ती रोटरीने 2016 मध्येच काढली. महिन्याला किमान दोन सभा पुरतात आणि प्रत्यक्ष सेवाकार्यही सभा म्हणून धरता येतं. मात्र आधी क्लबच्या उपनियमांत तशी दुरुस्ती करून घ्या. गणपूर्तीवरही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीवरही, लक्ष ठेवा. बहुतेक उपनियमांत ती एक-तृतीयांश असते, म्हणजे तुमच्याकडे चौदा. तुम्ही काठावरच आहात.

रक्तदान शिबिराला 110 जणांनी नावं दिली, पिशव्या मिळाल्या 58. पंचवीसेक जणांना रक्तपेढीने परत पाठवलं, बाकीचे रांग बघून गेले. सदस्य रक्तपेढीवर नाराज आहेत. — बार्शीच्या एक वाचक

परत पाठवलं त्यात रक्तपेढीची चूक नाही. वय 18 ते 65 हवं, पहिल्यांदाच देणाऱ्याला वरची मर्यादा 60. वजन किमान 45 किलो. हिमोग्लोबिन पुरुष-स्त्री दोघांनाही 12.5 लागतं आणि आपल्याकडच्या बायकांची गाडी बहुधा इथेच अडते. मागच्या रक्तदानाला पुरुषांचे 90 आणि स्त्रियांचे 120 दिवस पूर्ण झालेले हवेत. गोंदवून घेतलं असेल तर वर्षभर थांबायचं. हे सगळं नाव नोंदवतानाच विचारलं असतं तर निम्मी नाराजी घरीच संपली असती. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत, म्हणून तारीख ठरवताना पंचांग बघा: संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार टाळा. आदल्या रात्री ‘खाऊन या’ असा निरोप धाडा आणि दाराशी पोहे ठेवा.

रांगेचा दोष मात्र आयोजकांचा. एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि सहा-आठ खाटा असतील तर तीन तासांत 50 ते 70 जणांचं रक्तदान होतं. 110 हवे असतील तर पाच तास धरा. खाटा किती आणि माणसं किती येणार, हे रक्तपेढीकडून लेखी घ्या. दात्यांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा द्या, एका वेळेला दहा-बारा जण. गर्दी तुंबते ती खाटांपाशी नाही, हिमोग्लोबिन तपासणीच्या टेबलाशी. तिथे दोन तंत्रज्ञ मागा. अर्ज भरून द्यायला मराठी नीट लिहिणारे दोन स्वयंसेवक बसवा.

रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं विश्रांती, सरबत, बिस्किटं. चक्कर येते ती बहुतेक वेळा लगेच उठवल्यामुळे. प्रमाणपत्र हातात देऊन फोटोसाठी उभं करायची आपली हौस त्यात भर घालते. फोटो बसून काढा. कुणाला भोवळ आलीच तर आडवं करून पाय उंच करा आणि डॉक्टरांना बोलवा.

26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला गावोगाव शिबिरं होतात आणि मे महिन्यात रक्तपेढीचं शीतकपाट रिकामं. लाल पेशी 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त 5. तेव्हा तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा. आणि भेटवस्तूंचं आमिष नको. टिफिन किंवा हेल्मेटसाठी आलेला माणूस आजार लपवतो. रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी होते हे खरं, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीतूनही निसटू शकतो.

जुलैत 200 रोपं लावली, मार्चमध्ये तीसच उरली. — सिन्नरचे एक वाचक

आधी पाणी मोजा, मग रोपं आणा. जानेवारीपासून पावसापर्यंत दर रोपाला आठवड्याला 15 लिटर धरा. 200 रोपांना झाले 3000 लिटर, तेही किमान दोन उन्हाळे. टँकरची सोय तेवढी नसेल तर चाळीसच लावा. खड्डे मेमध्ये दोन फूट लांब-रुंद-खोल घ्या, रोप चार-पाच फुटी आणा आणि लावताना प्लास्टिकची पिशवी काढा. उद्घाटनाच्या घाईत पिशवीसकट लावलेली रोपं आम्ही किती उपटून पाहिली, त्याची मोजदाद नाही. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण पुरतं.

देणगीदार करसवलतीची पावती मागतात. क्लबच्या पावतीपुस्तकातली चालेल का? — मिरजेचे एक वाचक

नाही. सवलत प्राप्तिकर खात्याकडे देणगी-सवलतीसाठी नोंदणी (‘80जी’ म्हणून ओळखतात ती) असलेल्या संस्थेच्या पावतीवर मिळते, म्हणून बरेच क्लब वेगळा ट्रस्ट काढतात. रोख 2000 रुपयांच्या वर देणगी असेल तर सवलत नाही, त्यामुळे चेक किंवा यूपीआयने घ्या आणि पॅन, पत्ता तिथल्या तिथे लिहून ठेवा. वर्षअखेरीनंतर ट्रस्टला देणगीदारांचं विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरावं लागतं. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला ही वजावट मिळतच नाही, हे त्याला आधीच सांगा. वह्या, सायकली अशा वस्तूंवरही ती नाही. दुकानदाराचं बिल परस्पर भरून उपयोग होत नाही. पैसे ट्रस्टच्या खात्यात यावेत आणि सायकली ट्रस्टने विकत घ्याव्यात.