बॅक तयार व्हायला किती वर्षं लागतात?

प्रश्न : ताई, मुलगी-जावई फिलाडेल्फियाला असतात. एक हिवाळा त्यांच्याकडे काढला आणि फ्लायर्स संघाच्या आइस हॉकीचं वेड घेऊन कोथरूडला परतलो. तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू होतो, तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच. चहाचं आधण ठेवून मी बसतो. 8 जानेवारी 2024ला फ्लायर्सनी कटर गोटिए हा तरुण फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) अनाहाइम डक्स संघाला दिला आणि बदल्यात जेमी ड्रायस्डेल हा 21 वर्षांचा बॅक, म्हणजे बचावपटू, आणि ड्राफ्टमधली, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातली, दुसऱ्या फेरीची एक निवड घेतली. गोटिएने पुढच्याच हंगामात 20 गोल केले. तेव्हापासून ड्रायस्डेलचं जरा काही चुकलं की माझा 14 वर्षांचा नातू फोनवर चिडतो, ‘आजोबा, आपल्याला फसवलं!’ खरंच फसलो का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, नातवाचा राग मला कळतो. पण रागवायचं एकावर आणि बोलायचं दुसऱ्याला, असं झालंय. गोटिएला फ्लायर्सनी 2022च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलं होतं, आणि त्याने त्यांच्याशी करार करायलाच नकार दिला. जो येणारच नाही त्याच्या बदल्यात 2020च्या ड्राफ्टमधला सहाव्या क्रमांकाचा बॅक मिळाला. ह्याला मी फसणं म्हणणार नाही. मी त्या जागी असते तर हाच सौदा केला असता.

11 जानेवारी 2025ला गोटिए डक्सकडून फिलाडेल्फियात खेळायला आला, तेव्हा पक (बर्फावर चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) त्याच्या स्टिकला लागला की प्रेक्षक हुर्यो करत होते. ते मी समजू शकते. पण ड्रायस्डेलने कुणाला नकार दिला होता? आपण हे आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. 2024च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडवणारे मुंबईकर त्याच वर्षी जुलैत विश्वचषकाच्या मिरवणुकीनंतर त्याच मैदानात त्याच्या नावाचा घोष करत होते.

मी खडकीची. आपल्या मैदानावरच्या हॉकीत पंचवीस वर्षं बॅक खेळले, आता मुलींना शिकवते. आमच्या संघातली सगळ्यांची लाडकी फॉरवर्ड एका वर्षी दुसऱ्या संघात गेली आणि तिच्या जागी 19 वर्षांची एक बॅक आली. पहिल्याच सामन्यात तिने घाईने स्टिक पुढे टाकली, समोरचीने चेंडू अलगद बाजूने काढला आणि गोल झाला. आमचेच प्रेक्षक ओरडले, ‘हिच्यासाठी तिला सोडलं?’ सामना संपल्यावर ती कुंपणाजवळ बसून स्टिकच्या मुठीवरची पट्टी सोडवत होती. पूर्ण सोडवायची, पुन्हा घट्ट गुंडाळायची, पुन्हा सोडवायची. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, त्याची मला आजही लाज वाटते. दोन हंगामांनंतर तीच मुलगी स्टिक जमिनीला टेकवून, पाय मागे घेत घेत, समोरचीला साइडलाइनकडे न्यायची. फटका मारायला जागाच उरायची नाही. मधल्या काळात काय झालं? ती शंभर वेळा चुकली, आणि प्रशिक्षकांनी तिला शंभर वेळा खेळू दिलं.

फॉरवर्डचे सात प्रयत्न वाया गेले आणि आठवा लागला, तर त्याचं कौतुक. बॅकने सात वेळा अडवलं आणि आठव्यांदा सुटलं, तर तेवढंच लोकांच्या लक्षात. समोरच्याच्या खांद्यावरून त्याचा डाव ओळखणं हे फळ्यावर शिकवता येत नाही, मार खाऊनच येतं. त्यात बर्फावर सगळंच आणखी जलद. आपलं हॉकीचं मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. त्यांचा रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, जेमतेम 61 बाय 26, तोही चारी बाजूंनी फळ्या लावलेला, आणि बॅकने उलटं स्केटिंग करत विचार करायचा. ड्रायस्डेल 2022-23च्या हंगामात खांद्याच्या दुखापतीमुळे आठच सामने खेळला. शिकायचं नेमकं वय, आणि ते असं गेलं!

नातवाला दोन नावं सांगा. न्यूयॉर्क आयलंडर्सनी 2001मध्ये झ्डेनो खारा नावाचा उंचच उंच बॅक अ‍ॅलेक्सी याशिनच्या बदल्यात ऑटवाला देऊन टाकला, वर ड्राफ्टची दुसऱ्या क्रमांकाची निवडही दिली. तोच खारा पुढे बॉस्टनचा कर्णधार झाला, 2009मध्ये सर्वोत्तम बॅकसाठीची नॉरिस ट्रॉफी आणि 2011मध्ये तिथल्या लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली कप त्याच्या हातात होता. दुसरा रायन मॅकडोना. 2009मध्ये माँट्रियलने स्कॉट गोमेझला आणण्यासाठी त्याला रेंजर्सकडे पाठवलं, तेव्हा तो अजून कॉलेजात खेळत होता. पुढे तो रेंजर्सचा कर्णधार झाला आणि टँपा बेकडून 2020 व 2021 असे लागोपाठ दोन कप जिंकला.

ड्रायस्डेल खारा होईल असं मी म्हणत नाही. गोलांच्या हिशेबात गोटिए पुढेच राहील, ते मान्य करा आणि ती तुलना सोडून द्या. पुढच्या सामन्यात एक पूर्ण पिरियड, म्हणजे सामन्याचा एक तृतीयांश भाग, पक बघायचाच नाही, फक्त ड्रायस्डेलची 9 नंबरची जर्सी बघायची. आपल्या गोलच्या मागे पक मिळाल्यावर, अंगावर माणूस धावून येत असताना, तो किती वेळा पक घेऊन बाहेर पडतो आणि किती वेळा नुसता भिरकावतो, हे कागदावर मांडा. तुम्ही इथे, नातू तिथे. मग दोघांचे आकडे जुळवा.

प्रश्न : मी 13 वर्षांची आहे. सरांनी मला फॉरवर्डवरून बॅकला टाकलं. मैत्रिणी म्हणतात, पळता येत नाही त्यांना बॅकला टाकतात.
— एक खेळाडू, पिंपरी

उत्तर : बाळा, 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत सगळ्यांत जास्त गोल, दहा, कुणी केले माहीत आहे? आपल्या हरमनप्रीत सिंगने, आणि तो बॅक आहे. त्याच वर्षी हॉकी इंडिया लीगच्या लिलावात 78 लाखांची सर्वांत मोठी बोली त्याच्यावरच लागली.

सरांना विचार, ‘मला इथे का घेतलं?’ बहुतेक वेळा उत्तर असतं, ‘तू थांबतेस म्हणून.’ टॅकलच्या आधी जी थांबते ती मुलगी मी लांबून ओळखते. रोज दहा मिनिटं फक्त डाव्या हाताने स्टिक धरून जमिनीलगत सरकवायचा सराव कर. मनगट दुखलं तर लगेच थांब. आणि तुझी स्टिक किती इंची आहे ते कळव. तुझ्या वयाच्या बऱ्याच मुली मोठ्या बहिणीची लांब स्टिक घेऊन खेळतात आणि खाली वाकायला कमी पडतात.