डेटाबेसमधलं टेबल दहापट वाढलं, तर इंडेक्सवरून, म्हणजे ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीवरून, एक ओळ शोधणंही दहापट हळू होतं का?

नाही, फार तर एखादं पान जास्त वाचावं लागतं. इंडेक्स झाडासारखा पातळ्यांचा असतो: वरच्या पानातली प्रत्येक नोंद खालच्या एका पानाकडे नेते आणि शोधताना प्रत्येक पातळीचं एकच पान वाचावं लागतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये इंडेक्सचं पान 8 केबीचं असतं. ज्या मूल्यावरून शोधायचं ते (की) 8 बाइटचं असेल तर त्यात साधारण 300 नोंदी मावतात. म्हणजे तीन पातळ्यांत अडीच कोटी ओळी आरामात बसतात आणि चौथी आली की शेकडो कोटी. मी नागपूरच्या इतवारीतल्या ठोक दुकानांचं बिलिंग सांभाळतो, तिथे हेच रोज दिसतं. क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आधी एक्सप्लेन (अ‍ॅनालाइझ, बफर्स) ही आज्ञा लावा, किती पानं वाचली ते कळेल. पण हे बिल नंबरसारख्या, प्रत्येक ओळीत वेगळ्या असणाऱ्या मूल्यापुरतंच खरं. शहर = 'नागपूर' विचारलं आणि जवळपास सगळं गिऱ्हाईक नागपूरचंच असलं, तर डेटाबेस इंडेक्स सोडून अख्खं टेबल वाचतो; तो वेळ मात्र टेबलासोबत वाढतच जातो.