विंडोज ११ घ्यायचं का? आधी मशीनला काय जोडलंय ते बघा

मालक, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा कारखाना, तीन कॉम्प्युटर. ऑफिसातलं टॅलीचं मशीन आय-३ ८१००, विंडोज १०, पण ११ टाकायला गेलं की 'हा पीसी चालणार नाही' म्हणतं. डिझाइनच्या खोलीत विंडोज ७ वालं म्हातारं मशीन, त्याला कार्ड पंचिंग मशीन (मागासाठी डिझाइनची भोकं पुठ्ठ्याच्या कार्डांवर पाडणारं यंत्र) जोडलेलं. घरी बहिणीचा लॅपटॉप, आय-५ ७२००यू, विंडोज १०. दुकानदाराचं म्हणणं, १० चा सपोर्ट संपला, तिन्ही बदला.

तिन्ही बदलू नका. ऑफिसचं मशीन ११ वर न्या, ते चालतंय. लॅपटॉपला यंदा थांबता येतं. आणि डिझाइनच्या मशीनला अपग्रेडसाठी कुणालाही हात लावू देऊ नका, मलासुद्धा नाही. का, ते पुढे येतं.

आधी सपोर्ट संपला म्हणजे काय झालं ते बघू. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० बंद पडलं नाही, टॅली उघडतं, प्रिंट निघते. बंद झाली ती दर महिन्याला फुकट येणारी सुरक्षेची डागडुजी. त्यानं काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला, जगभर फायली कुलूपबंद झाल्या. त्यात सापडलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेली. तो ज्या भोकातून शिरला त्याचं ठिगळ मार्चमध्येच आलेलं होतं, लोकांनी लावलं नव्हतं इतकंच. आणि तो पसरला कशातून, तर नेटवर्कवरच्या फाइल शेअरिंगमधून. तुमच्या ऑफिसातून डिझाइनच्या खोलीत जो शेअर्ड फोल्डर जातो ना, तसल्याच वाटेनं. ही वाट लक्षात ठेवा.

आता ऑफिसचं मशीन. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, काही मोजके अपवाद सोडून. '८१००' मधला पहिला आकडा आठ, म्हणजे तुम्ही पास. मग नाही का म्हणतंय? असेंबल केलेल्या मशीनमध्ये नव्वद टक्के वेळा कारण एकच निघतं: टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) बोर्डावर आहे, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं आहे. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव 'पीटीटी' असतं, एएमडीवर 'एफटीपीएम'. ते चालू करा. दुसरं कारण म्हणजे विंडोज जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलेलं असणं. मग सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, जमत नाही. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही. विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाची कमांड आहे, डेटा न घालवता डिस्कची मांडणी बदलून देते, मग बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर करायचं. बॅकअप घेतल्याशिवाय मात्र तिला बोलवायचं नाही. आणि बॅकअप म्हणजे त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर केलेली कॉपी नव्हे. हे लिहायला लागू नये, पण लागतं.

मशीन हळू चालतं म्हणून ११ हवंय, असंही तुम्ही एका ओळीत लिहिलंय. इथे जरा थांबा. नवीन विंडोजनं जुनं मशीन पळायला लागलंय, असं मी आजवर पाहिलेलं नाही. आधी कॅबिनेट उघडा.

गेल्या उन्हाळ्यात अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात गेलो होतो. मालक म्हणाले, अपडेट झाल्यापासून मशीन मरतंय, फॉरमॅट मारा. मी बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण खालच्या हीटसिंकच्या फटी दिसतच नव्हत्या. तिथं तंतूंचा थर बसलेला, बोटभर. नखानं कडा उचलली तर सगळा थर एकसंध सुटून हातात आला. तळाला पांढरा, मग मरून, वर फिकट पिवळा. कुठल्या महिन्यात मागावर कुठलं सूत होतं ते त्यावरून सांगता आलं असतं. मालक ते हातात धरून बघतच राहिले, म्हणाले, ही तर चादरच विणलीय की आतनं. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार, त्यात हे पांघरूण. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, तेच चाललं होतं. ब्रश फिरवला, थर्मल पेस्ट नवीन लावली, पाऊण तासाचं काम. फॉरमॅट नाही, काही नाही. (कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.)

दुसरं, हार्ड डिस्क. तुमच्या ऑफिसच्या मशीनला अजून फिरणारी डिस्क आहे. ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका आणि मगच ११ चा विचार करा. कागदावर ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर रोज शिव्या घालाल. तुमच्याकडे ८ आहे, ठीक आहे.

डिस्क बदलताना जुनीची नवीवर हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करा. नव्यानं टाकायची वेळ आलीच तर आधी टॅलीत जाऊन लायसन्स सरेंडर करा. न करता पुसलं की मग फोन करत बसावं लागतं. डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) टोकनचा ड्रायव्हर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधी काढून ठेवा. आणि दिवस बघून करा. ११ तारखेला जीएसटीआर-वन, २० ला थ्री-बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. २१ नंतर, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, यूपीएसची बॅटरी तपासून बसा. मध्येच लाईट गेली तर काय होतं ते मी पाहिलंय, तुम्ही बघू नका.

खरं विंडोज १० असेल तर ११ फुकट मिळतं, पैसे मागणाऱ्याला देऊ नका. ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारं चोरटं सॉफ्टवेअर) मारलेलं असेल तर ते आधी खरं करून घ्या. हिशेबाच्या मशीनवर चोरीचं कुलूप ठेवण्यात काय अर्थ आहे?

११ आल्यावर दोन गोष्टींवरून तुमचा फोन येणार, म्हणून आत्ताच सांगतो. एक, स्टार्टचं बटण मधे जातं, सेटिंगमधून डावीकडे आणता येतं. अकाउंटंटला पहिल्याच दिवशी आणून द्या, नाहीतर तो आठवडाभर तेच बोलेल. दोन, शेअर्ड फोल्डर. ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो आवृत्तीत पासवर्ड नसलेला शेअर सहजी उघडत नाही, जुन्या मशीनशी तर अजिबात पटत नाही. इंटरनेटवर त्यावर 'ही सेटिंग बंद करा, ती बंद करा' असे उपाय सापडतील. करू नका. वर वॉनाक्रायची वाट सांगितली ती हीच. शेअरला युजर आणि पासवर्ड द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

मायक्रोसॉफ्टचं खातं फर्मच्या ईमेलवर काढा. आमच्या ओळखीत कापडाचे एक व्यापारी आहेत, नवीपेठेत दुकान. त्यांचा नवीन लॅपटॉप एका सकाळी निळा पडदा दाखवून ४८ आकडी किल्ली मागायला लागला. आजकाल नव्या मशीनवर खात्यात शिरलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, किल्ली त्या खात्यात जाते. खातं कुणाचं? दुकानात आधी असलेल्या पोराचं. त्यानं घाईत स्वतःचाच नंबर घालून मशीन चालू करून दिलेलं. पोरगं पुण्याला कामाला लागलेलं, नंबर बदललेला. दोन दिवस त्याच्या मावशीकडून, मित्राकडून निरोप पाठवत बसलो, तेव्हा किल्ली मिळाली. तुम्ही ११ टाकलंत की त्याच दिवशी खात्यात अशी किल्ली आलीय का बघा, असेल तर कागदावर छापा आणि तिजोरीत ठेवा.

लॅपटॉपचं फार लिहीत नाही. ७२००यू सातव्या पिढीचा, ११ च्या यादीत नाही. वाकडी वाट काढून टाकता येतं, पोरं टाकतातही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही, आणि बहिणीचा अभ्यास त्यावर आहे. त्यापेक्षा विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना घ्या. आवृत्ती २२एच२ असली की सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच नोंदणीचा पर्याय दिसतो. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळं मिळतात. सेटिंग खात्याशी सिंक केली तर फुकट, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्डचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलर. पुढच्या वर्षी बॅटरीही दमली असेल, तेव्हा नवीन घ्या. नुसतं नेट आणि लिखाण असेल तर लिनक्स मिंटही छान चालेल, पण तिला विचारून, तुम्ही परस्पर ठरवू नका.

आता डिझाइनचं मशीन. उत्तर लिहायला बसलो ते खरं यासाठी.

२०१६ च्या जुलैत विंडोज १० ची फुकट अपग्रेडची मुदत २९ तारखेला संपणार होती. मी तेव्हा जोशात होतो. एका ओळखीच्या कारखान्यात दोन मशीन होती, दोन्हींवर ७. म्हटलं, फुकट आहे, करून टाकू. ऑफिसचं झालं. डिझाइनचंही झालं, पडदा मस्त दिसायला लागला, डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, जुनी फुलं-वेली सगळी दिसली. मी शहाणपणा करून डिस्क क्लीनअप चालवलं, जागा मोकळी झाली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. पंचिंग मशीन हलत नाही. त्याचं कंट्रोल कार्ड कॅबिनेटच्या आत बसवलेलं, ड्रायव्हर जुना, नव्या विंडोजनं तो ओळखलाच नाही. ठीक आहे, म्हटलं, मागे जाऊ. मागे जायला 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर लागतं. ते मीच आदल्या संध्याकाळी क्लीनअपमध्ये टिक मारून पुसलेलं होतं.

चार दिवस गेले. नव्या डिझाइनची कार्डं निघेनात, जॅकार्ड मागावर जुनीच चादर चालू ठेवली. मूळ सीडी शोधायला सगळं घर पालथं घातलं. शेवटी ती मालकांच्या आईनं देवघराच्या कपाटात, पंचांगाच्या गठ्ठ्याखाली जपून ठेवलेली सापडली. कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, ही हरवू नका. माझ्यापेक्षा त्या माउलीला जास्त कळत होतं. मी पुन्हा ७ टाकलं, पैसे घेतले नाहीत, आणि त्यानंतर कारखान्याच्या यंत्राला जोडलेल्या कॉम्प्युटरचं अपग्रेड कधी केलेलं नाही.

तुमच्या खोलीतली गोष्ट तीच आहे. तो कॉम्प्युटर नाहीच खरं तर, तो पंचिंग मशीनचा एक भाग आहे. ३२ बिटचे ड्रायव्हर ११ वर चालत नाहीत, कारण ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. शिवाय जुनी कार्डं बसायचा स्लॉट नव्या बोर्डांवर सहसा नसतो, प्रिंटर पोर्टवर लावायचा डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेला तुकडा) असेल तर तो पोर्टही नसतो. (गंमत बघा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी माग चालवायची जॅकार्डची युक्ती १८०४ ची. पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेजनं गणिती यंत्रासाठी तीच उचलली. म्हणजे कॉम्प्युटर आपल्या मागावरून गेला आणि आता आपल्यालाच जुना म्हणतोय.)

पण हात लावू नका म्हणजे आहे तसं सोडा असं नव्हे. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. म्हणून त्याची नेटची वायर काढा. आजच. शेअरिंग बंद. डिझाइनची फाइल पेनड्राइव्हवरून न्यायची, तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाचा, आणि आधी ऑफिसच्या ११ वर तपासायचा. नवीन डिझाइन दुसऱ्या चांगल्या मशीनवर करा, या म्हाताऱ्याकडे फक्त कार्डं पाडायचं काम ठेवा. मग त्याच्या अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा, दोन ठिकाणी ठेवा. हे मशीन अपग्रेडअभावी जाणार नाही, डिस्क किंवा पॉवर सप्लाय बसल्यावर जाईल, आणि तेव्हा तीच इमेज उपयोगी येईल. त्याच बोर्डाचं एखादं जुनं मशीन भंगारात दिसलं तर उचलून ठेवा, स्वस्तात मिळतं.

मशीन बनवणाऱ्यांकडे ६४ बिट ड्रायव्हर किंवा यूएसबीवाला कंट्रोलर मिळतो का, ते एकदा लेखी विचारा. मिळाला तर मी वर लिहिलेलं सगळं फिरवायला तयार आहे.

आता एक काम करा. मशीन बंद करून, प्लग काढून डिझाइनचा कॅबिनेट उघडा आणि आतल्या कंट्रोल कार्डाचा जवळून फोटो टाका. ते लांब पांढऱ्या स्लॉटमध्ये बसलंय की छोट्या काळ्या, ते दिसलं पाहिजे. कार्ड मात्र उपसू नका, आणि सीडी कुठे आहे ते घरी आईला विचारा.