पहिल्या संध्याकाळी काही ठरवू नकोस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या आखेनला शिकायला निघालीस, तिथल्या वसतिगृहात खोलीही मिळाली, आता तिकीट काढायचं चाललंय, हे तुझ्या बाबांकडून कळलं. घरात आता बॅगा भरण्यावरून वादावादी सुरू असेल. मला बोलायचंय ते प्रवासाच्या दिवसाबद्दल.

सांगलीहून मुंबई म्हणजे अर्धा दिवस गाडीत. मग विमानतळाबाहेर निरोप. तिकिटाशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, त्यामुळे रडणं, पाया पडणं, फोटो, सगळं दारातच उरकावं लागतं. त्यालाही तासभर धर, नाहीतर आजीला घाईत नमस्कार केल्याची रुखरुख विमानात लागते. विमान मध्यरात्रीनंतरचं. फ्रँकफर्टला सकाळी उतरशील तेव्हा आदल्या पहाटेपासून तुझी धड झोप झालेली नसेल. तशा डोक्यावर निर्णय सोपवायचे नसतात. त्या दिवशी जे जे ठरवावं लागेल ते आत्ताच ठरव आणि कागदावर उतरव. फोनमध्येही ठेव, पण कागद हवाच.

पहिला निर्णय वाराचा. वसतिगृहाची किल्ली हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्याकडे मिळते आणि तो कचेरीच्या वेळेतच भेटतो. शुक्रवारी दुपारनंतर पोचलीस तर सोमवारपर्यंत हॉटेल. शिवाय जर्मनीत रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची काय ती उघडी. 3 ऑक्टोबरलाही सगळं बंद असतं, 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या तो दिवस. तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून शनिवारी उतरू नकोस. सोमवार-मंगळवार बघ.

दुसरा, रेल्वेचा. फ्रँकफर्ट विमानतळाला दोन स्टेशनं आहेत, एक लोकल गाड्यांचं, दुसरं लांब पल्ल्याच्या. तुला दुसरं हवं, 'फेर्नबानहोफ' अशी पाटी शोध. तिथून कोलोनमार्गे आखेनला थेट आयसीई, म्हणजे वेगवान गाड्या आहेत. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला तर ते वाया. म्हणून एकतर विमान आणि गाडीत भरपूर अंतर ठेव, नाहीतर थोडे जास्त पैसे देऊन कोणत्याही गाडीचं तिकीट काढ. मी दुसरा मार्ग घेईन. काटकसर करायला पुढची दोन वर्षं आहेत.

प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याचा) कागद, विम्याचा कागद हातातल्या पिशवीत. पासपोर्ट तपासणारा अधिकारी ते मागू शकतो आणि तेव्हा मोठी बॅग पट्ट्यावर फिरत असते. त्याच पिशवीत एक चादर, टूथब्रश, चार्जर आणि एक जोड कपडे. खोलीत गादी मिळाली तरी उशी-पांघरूण मिळेलच असं नाही, आणि त्या रात्री मोठी बॅग उघडावी लागू नये. तुझा फोनचा दोन पिनांचा चार्जर तिथे चालेल, लॅपटॉपच्या तीन पिनांना मात्र अडॅप्टर लागेल.

आता आईशी वाद घालायला एक मुद्दा देतो. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा, सगळं त्यात आलं. ताज्या पाल्यालाही प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कढीपत्ता बाद. गंमत म्हणजे नारळाला ती अट नाही, तेव्हा ओटीतला नारळ तिथल्या नियमात बसतो. पण सुकं खोबरं नको, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानवाले काढून ठेवतात. गोडा मसाला, मेतकूट, पोहे, डाळी बिनधास्त ने.

दुपारी खोली ताब्यात आली की गादी बोलावेल. आडवी झालीस तर संध्याकाळी सहाला उठशील आणि रात्रभर टक्क जागी राहशील. पश्चिमेकडे गेलं की शरीराचं घड्याळ मागे न्यावं लागतं, आणि त्याला संध्याकाळचा उजेड मदत करतो. सप्टेंबरअखेर तिथे सूर्य सातनंतर मावळतो. आंघोळ कर, जवळच्या दुकानातून ब्रेड, अंडी, केळी, दही आण (पिशवी आपली ने, आणि गल्ल्यावरची बाई भराभर सामान पुढे ढकलते, घाबरू नकोस). पाणी विकत घेऊ नकोस, नळाचं पिण्याजोगं असतं. मग गावात चालत जा. एलिझेनब्रुनन नावाच्या मंडपात गंधकाच्या गरम झऱ्याचं पाणी येतं. वास थेट आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांसारखा. पलीकडेच मध्ययुगातल्या शार्लमेन सम्राटाचं कॅथेड्रल, 1978 साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली त्या 12 स्थळांतलं एक. आत नंतर कधीतरी जा. त्या दिवशी नुसतं बाहेर बस.

घरी फोन पाचच्या सुमाराला कर. आपल्याकडे तेव्हा साडेआठ, जेवणं चाललेली असतात. रात्री उशिरा करू नकोस. एकटेपणा तेव्हाच गळ्याशी येतो, आणि तू रडलीस तर तिकडे कुणी झोपणार नाही. खोली लहान वाटेल, कोर्स चुकला असं वाटेल, परत जावंसं वाटेल. वाटू दे. कागदावर 'पहिला आठवडा काही ठरवायचं नाही' असंही एक वाक्य लिहून ठेव. पहाटे तीनला जाग येईलच. इथे साडेसहा वाजलेले असतात, आई चहा टाकत असते. तेव्हा खुशाल बोल.

एक काम मात्र लांबवू नकोस. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. किल्ली घेतानाच तो कधी आणि कुणाकडून मिळेल ते विचार. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते, ती इथूनच बघ. सत्राच्या सुरुवातीला गर्दी असते.