भाव पडलेत, घर आत्ता विकू का थांबू?

तुम्ही म्हणताय दोन वर्षांपूर्वी जो भाव होता त्याच्या वीस टक्के खाली ऑफर येतेय, विकू का थांबू. पण विकून पुढे करणार काय ते लिहिलंच नाहीये, आणि सगळं त्याच्यावरच आहे.

त्याच भागात मोठं घर घ्यायचं असेल तर पडलेला बाजार उलट तुमच्या फायद्याचा. समजा तुमचं घर १०० चं होतं ते ८० वर आलं आणि मोठं १५० चं होतं ते १२० ला मिळतंय, तर आधी वरचे ५० घालावे लागले असते तिथं आता ४० त भागतं. लहान घरात जाणार असाल किंवा पैसे मोकळे करून भाड्याने राहणार असाल तर मात्र हेच गणित उलटं फिरतं.

लोन किती शिल्लक आहे ते आधी बँकेकडून लेखी घ्या. शिल्लक लोन ऑफरपेक्षा जास्त निघालं तर फरक खिशातून भरल्याशिवाय व्यवहारच होत नाही, मग विकू का नको हा प्रश्नच वेगळा होतो.

मी स्वतः यात माती खाल्लीय. खरेदीची किंमत अधिक फर्निचरचा खर्च असा आकडा डोक्यात धरून बसलो, पहिल्याच पार्टीला तोंडावर नाही म्हणालो (बायको दे म्हणत होती), मग चौदा महिने घर रिकामं, हप्ता चालू, मेंटेनन्स चालू, टॅक्स चालू, आणि शेवटी त्या पहिल्या ऑफरपेक्षाही कमीत दिलं. तुम्ही कितीला घेतलं होतं याच्याशी घेणाऱ्याला काडीचं देणंघेणं नसतं. बोस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास झालाय त्यातही हेच, तोट्यात असलेले मालक किंमत चढी सांगायचे आणि त्यांची घरं जास्त दिवस पडून राहायची.

थांबायचंच तर घर भाड्याने जातंय का आणि भाड्यातून हप्ता-मेंटेनन्स बऱ्यापैकी निघतो का बघा, निघत असेल आणि पैशाची नड नसेल तर निवांत थांबा. फक्त वर्षभरात भाव परत येतील हे धरून चालू नका, अमेरिकेत २००६ ला शिखर गाठलेले भाव २०१२ पर्यंत तळ शोधत होते.

आणि तुलना करताना वेबसाइटवरच्या जाहिरातीतले भाव धरू नका, गेल्या तीन-चार महिन्यांत शेजारी खरोखर कितीला व्यवहार झाले ते काढा. लोनचा आकडा आणि भाडं किती येईल ते इथं टाका, मग बघू.