कॅबिनेट आहे, मास्क आहे, मग एवढे नियम कशाला?

प्रश्न : टीबीचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये नुकतीच लागलेय. बायोसेफ्टी कॅबिनेट (हवा आत ओढून गाळणारी, जंतूंचं काम करायची पेटी) आहे, एन-९५ मास्क आहे तरी नियमांची यादी संपतच नाही. सीनियर म्हणतात, इतकी वर्षं करतोय, कुणाला काही झालं का? यातल्या कशाला खरंच पुरावा आहे?

उत्तर : 'काही झालं नाही' यावर तर अजिबात जाऊ नका, टीबीचा जंतू आज आत गेला तरी आजार दिसायला महिने काय वर्षंही लागतात, तोवर कोण हिशेब लावणार! १९७६ मध्ये पाईक या संशोधकांनी लॅबमध्ये लागलेल्या ३,९२१ इन्फेक्शन्सची नोंद तपासली, त्यात सुई टोचली, काही सांडलं असा माहीत असलेला अपघात २० टक्के केसेसमध्येही नव्हता. बाकी बऱ्याच जणांच्या बाबतीत संशय हवेत उडणाऱ्या न दिसणाऱ्या थेंबांवरच जातो. म्हणून व्हॉर्टेक्स (मशीनवर जोरात घुसळणं) केल्या केल्या ट्यूब उघडायची नाही, जरा थांबायचं, आणि सेंट्रिफ्यूजच्या (नमुने गरागरा फिरवणाऱ्या मशीनच्या) झाकणवाल्या बकेट कॅबिनेटच्या आतच उघडायच्या. हे नियम कागदी नाहीत.

कॅबिनेटचंही तसंच, ते नुसतं असून भागत नाही. पुढच्या जाळीवर रजिस्टर टेकवलं, हात भराभर आत-बाहेर केले किंवा मागून कुणी धावत गेलं की पुढचा हवेचा पडदा फाटलाच समजा. रात्री यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावला की सगळं साफ, यावर मात्र फार विसंबू नका, पुसणं चुकत नाही.

आणि जंतू 'मारला' म्हणजे मेला असं नसतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत अँथ्रॅक्सच्या जंतूचा नमुना केमिकलने मारला, जंतू वाढतो का ते बघायची प्लेट २४ तास बघितली, वाढ नाही म्हणून दुसऱ्या लॅब्जना दिला. प्लेट इन्क्युबेटरमध्येच राहिली होती म्हणून बरं, आठवड्याभरानंतर बघतात तर वाढ! तोवर कितीतरी जणांनी पुरेशा संरक्षणाशिवाय काम केलेलं, मग बऱ्याच जणांना अँटिबायोटिक्स.

तुमचं गाऱ्हाणं अगदीच चूक नाही हां. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या लॅब-सुरक्षेच्या मॅन्युअलमध्येही भर यावरच आहे की जंतूचं नाव बघून सरसकट सगळं लादू नका, काम काय करताय ते बघा. थुंकीचा साधा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला नमुना) चांगल्या व्हेंटिलेशनमध्ये उघड्या टेबलावर चालतो, कल्चर, म्हणजे जंतूच, वाढवायचं म्हटलं की गोष्ट वेगळी.

उद्या गेल्यावर आधी कॅबिनेटवरचं सर्टिफिकेशनचं स्टिकर बघा, वर्ष उलटून गेलं असेल तर लेखी कळवा.